मिलेचेंतो ते पुंटो: फियाटचे जुने डीलर, त्यांची वर्कशॉपं आणि त्या गाड्या

#१ बिनचेसिस

फियाटने मुंबईत विक्रीसाठी पहिला एजंट नेमला १९०५ साली, बॉम्बे मोटर कार्स एजन्सी. भारत स्टेज ६चे प्रदूषणाचे नियम लागू झाले १ एप्रिल २०२०ला आणि त्याच्या आधीच पुंटो-लिनिया बंद झाल्या. मधली शंभरएक वर्षं फियाटचा डीलर या ना त्या नावाने गावात असायचा. आता नाही. गाड्या मात्र अजून आहेत.

एक विनंती. ‘आमच्या काकांकडे होती, काय दिवस होते’ हे प्रत्येकाकडे आहे, ते इथे नको. मॉडेल कुठलं, डीलरच्या वर्कशॉपमध्ये त्यावर काय काम व्हायचं, काय बिघडतं, का बिघडतं आणि आता डीलर नसताना ते कसं करायचं, असं लिहा. आकडे असतील तर उत्तम.

#२ कुर्ला_पश्चिम

आधी वंशावळ, नाहीतर पुढे गोंधळ होईल.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ची, वालचंद हिराचंद यांची. कुर्ल्याला आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात. फियाट नंतर आली: आधी छोटी ५०० टोपोलिनो, मग ११००. इटालियनमध्ये अकराशे म्हणजे मिलेचेंतो. ही गाडी १९५३ला जिनिव्हाच्या प्रदर्शनात दाखवली आणि १९५४पासून आपल्याकडे मिळायला लागली. तिचं फुगीर मुस्कट बघून मुंबईने तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. पुढची दारं मधल्या खांबाला बिजागरी असलेली, म्हणजे उलटी उघडणारी. त्यानंतर मागे पंख आलेल्या सिलेक्ट आणि सुपर सिलेक्ट. १९६४ला ११०० डी, म्हणजे डिलाइट. तिची दारं सरळ. इटलीने ११०० डी १९६६ला बंद केली. आपण तिलाच १९७२च्या सुमारास प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४पासून प्रीमियर पद्मिनी म्हणत शतक संपेपर्यंत बनवत राहिलो.

इंजिन सगळीकडे तेच घराणं: १०८९ सीसी, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, पुशरॉडवाले व्हॉल्व्ह, ब्लॉक बिडाचा आणि हेड (ब्लॉकवरचं झाकण) अ‍ॅल्युमिनियमचं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. हे हेड अ‍ॅल्युमिनियमचं असणं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

#३ डिकीतला_जॅक

एक दुरुस्ती नाही, पुरवणी. त्या काळचा ‘डीलर’ म्हणजे आजचा शोरूमवाला नव्हे. तो विकत नसे, वाटत असे. १९५९च्या नियंत्रण आदेशाने गाडीचं वाटप आणि विक्री सरकारी नियमात होती. नोंदणी डीलरकडे करायची, अनामत पोस्टाच्या बचत खात्यात ठेवायची आणि ते खातं तारण म्हणून लावायचं. मग नंबर लागेपर्यंत थांबायचं. नंबर वर्षांनी लागे. मिळालेली गाडी दोन वर्षं परवानगीशिवाय विकायची नाही, कारण बाजारात वापरलेल्या गाडीला नव्यापेक्षा जास्त भाव होता. किंमतही सरकार ठरवी. त्या किमतीवरून प्रीमियर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती, निकाल १९७१चा.

याचा वर्कशॉपशी संबंध असा, की गिऱ्हाईक पळून जायची भीती नसल्यामुळे डीलरची शोरूम साधी असायची आणि कमाई मागच्या शेडमध्ये, म्हणजे सर्व्हिसिंग आणि पार्ट्सवर. चांगले मिस्त्री तयार झाले ते तिथेच. नंतर टॅक्सीवाल्यांच्या गॅरेजांत जे हात दिसले, ते बरेचसे या शेडमधून बाहेर पडलेले.

#४ तळेगाव_टोल

+१. ‘वाटत असे’ हे बरोबर. रेशन दुकानच ते, फक्त चाकं लावलेलं.

#५ पॉइंट_गॅप

नवी फियाट हाती आली की मागच्या काचेवर ‘रनिंग इन’चं स्टिकर लागायचं. पहिल्या फ्री सर्व्हिसला वर्कशॉपमध्ये चार कामं हमखास होत: ऑइल बदलणं, हेडचे नट पुन्हा टॉर्कला आवळणं, टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातली फट) सेट करणं, ऑइलिंग-ग्रीसिंग. हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं नवीन हेड पॅकिंग गरम-थंड होऊन बसतं आणि नट ढिले पडतात, म्हणून हेड. आजही कुणी हेड उघडलं तर ४००-५०० किमीला परत आवळून घ्यावं. इंजिन पूर्ण थंड असताना, मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत. गरम अ‍ॅल्युमिनियम हेड आवळणं म्हणजे ते वाकवणं.

आता ट्यूनिंग. क्रम चुकला की दिवस गेला. टॅपेट, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला ठिणगीचा स्विच), टायमिंग (ठिणगीची वेळ), मग कार्ब्युरेटर.

टॅपेट थंड इंजिनवर. चार नंबरच्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलताना दिसले, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की एक नंबरचे सेट करायचे. एक हलला की चारचे. दोन आणि तीनचं तसंच. गॅपचा आकडा त्या सालच्या हँडबुकातून घ्या. तोंडी आकडे फार फिरतात. थोडी टकटक राहिली तर राहू दे. घट्ट टॅपेट आवाज करत नाही, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळतो.

पॉइंट: रबिंग ब्लॉक कॅमच्या टोकावर असताना ०.४ मिमीची फिलर गेज हलकेच अडकत जायला हवी. पॉइंटवर एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झाला असेल तर कानस मारून वेळ घालवू नका, पॉइंट बदला आणि कंडेन्सरही. खड्डा-टेकडी होण्याचं कारण बहुतेक वेळा कंडेन्सरच असतो.

टायमिंग नेहमी पॉइंटनंतर, कारण गॅप बदलला की टायमिंग आपोआप सरकतं. स्ट्रोब (टायमिंग बघायचा लुकलुकणारा दिवा) नसेल तर १२ व्होल्टचा बल्ब कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकापासून बॉडीला लावा, इग्निशन ऑन. गाडी टॉप गिअरमध्ये घालून हळू ढकला. बल्ब ज्या क्षणी पेटतो त्या क्षणी पॉइंट उघडले. तो क्षण पुलीच्या खुणेवर यायला हवा. येत नसेल तर क्लॅम्प ढिला करून डिस्ट्रिब्युटर फिरवा.

शेवटी सोलेक्स, म्हणजे कार्ब्युरेटर. इंजिन गरम, चोक पूर्ण आत. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, मग दीड फेरा बाहेर. इथून पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सगळ्यात जलद आणि सलग चालेल ती जागा शोधा, आणि मग थ्रॉटलच्या स्क्रूने आयडलिंग खाली आणा. हे दोनदा करा. स्क्रू फिरवूनही काहीच फरक पडत नसेल तर स्लो जेट चोंदलाय किंवा फ्लँजखालून हवा ओढतेय. फ्लँज काढून काचेवर ठेवून बघा. जुन्या सोलेक्सचे दोन नट वर्षानुवर्षं जोर लावून आवळल्याने फ्लँज केळ्यासारखी वाकलेली असते.

#६ तळेगाव_टोल

मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात बोनेट उघडी टाकून पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवलेल्या फियाट रांगेने उभ्या असायच्या. त्या फडक्याने खरंच काही होतं का, की नवस?

#७ पॉइंट_गॅप

होतं, पण आजार तोच असेल तर. ‘गरम झाल्यावर बंद पडते’ या एका वाक्याखाली तीन वेगळे आजार येतात.

पहिला व्हेपर लॉक. पंप इंजिनाच्या अंगाला बोल्ट केलेला, कॅमशाफ्टवर चालणारा. पंपात आणि त्याच्या आधीच्या नळीत पेट्रोलची वाफ झाली की डायफ्राम वाफच दाबत बसतो, कार्ब्युरेटर कोरडा पडतो. दुसरा उलटा: बंद केल्यावर कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून खाली सांडतं, इंजिन ओलं होतं. तिसरा म्हणजे गरम झालेली कॉइल किंवा कंडेन्सर.

ओळखायचं असं. कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्युटर कॅपमधून काढून ब्लॉकपासून पाच-सहा मिमीवर धरा, सुक्या फडक्यात, आणि सेल्फ मारा. निळी, चटचट वाजणारी ठिणगी हवी. पिवळी, पातळ असेल तर तिसरा आजार. फडकं ठेवायचंच तर कॉइलवर ठेवा. ठिणगी ठीक असेल तर एअर क्लीनर काढून वरून बघत थ्रॉटल हाताने झटकन उघडा. पेट्रोलची धार दिसली नाही तर वाटी कोरडी, व्हेपर लॉक. मग ओलं फडकं पंपावर आणि दहा मिनिटं थांबा. धार दिसतेय, पेट्रोलचा उग्र वास येतोय, तर अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा. पंपिंग करायचं नाही, प्रत्येक पंपिंगला आणखी पेट्रोल ओतलं जातं.

कायमचा उपाय: पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये उष्णता अडवणारा बेकलाइटचा जाड तुकडा असतो. गॅरेजवाले तो फुटला की फेकून नुसतं कागदी पॅकिंग लावतात. तो परत बसवा.

#८ बिनचेसिस

बेकलाइटच्या तुकड्याबद्दल सावध. त्याची आणि पॅकिंगची मिळून जाडी ठरलेली असते. तेल गळतं म्हणून कुणी दोन-तीन पॅकिंग चढवली की पंपाचा दांडा तेवढा लांब जातो, स्ट्रोक कमी होतो आणि गाडी सपाटीवर ठीक पण चढाला दम तोडते. कमी पॅकिंग लावली तर डायफ्रामवर जास्त ताण. पंप बसवण्याआधी इंजिन फिरवून दांडा सगळ्यात बाहेर येईल तिथे आणा आणि तो पॅकिंगच्या वर किती येतो ते मोजा. जुन्या सेटअपचं माप लिहून ठेवलेलं बरं.

#९ हेडपॅकिंग

कुर्ला_पश्चिम यांनी अ‍ॅल्युमिनियम हेडचा मुद्दा अर्धवट सोडलाय. बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि रेडिएटरमध्ये नळाचं पाणी, हे तिन्ही एकत्र आले की हेडमधले पाण्याचे रस्ते पोखरले जातात. उघडल्यावर पाण्याच्या भोकांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात. भोक आणि सिलिंडर यांच्यामधली पट्टी अरुंद झाली की नवीन पॅकिंगही महिनाभरच टिकतं. अशा हेडला आधी वेल्डिंग, मग फेसिंग, म्हणजे तळ घासून सपाट करणं. सरळ पट्टी लावून ०.१ मिमीची गेज खालून जात असेल तर फेसिंग हवंच. पण दर वेळी फेसिंग केल्याने हेड पातळ होतं, म्हणून विकत घेताना आधी किती वेळा झालंय ते विचारा. पाण्यात निम्मं कूलंट घाला; आपल्याकडे बर्फ पडत नाही हा मुद्दा नाही, गंज हा मुद्दा आहे.

#१० स्टिअरिंगचा_दांडा

गिअरबद्दल कुणी बोललं नाही अजून! स्टिअरिंगच्या कॉलमवरचा गिअर. पहिल्याला सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणारा भाग) नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. टाकलाच तर आवाज अख्ख्या चौकाला ऐकू जातो.

गिअर अडकणं हा नेहमीचा प्रकार. कॉलमच्या तळाशी दोन जोडण्या: एकीने गल्ली (गिअरची ओळ) बदलते, दुसरीने गिअर पडतो. त्यांच्या सांध्यातले बुश झिजले की हातातली मूठ न्यूट्रलला असते पण खाली लिव्हर दोन गल्ल्यांच्या मध्ये. रस्त्यात असं झालं तर: इंजिन बंद, हँडब्रेक, एकाने क्लच दाबून धरायचा, दुसऱ्याने बोनेट उघडून कॉलमच्या तळाचे लिव्हर हाताने मधोमध आणायचे. कट्ट आवाज आला की सुटला. मूठ जोराने ओढू नका, वरचा सांधा वाकतो आणि मग कायमचं ढिलं.

दुरुस्तीत लोक फक्त रॉडची लांबी नटाने कमी-जास्त करतात. त्याने आठवडा निघतो. सगळे बुश एकदम बदलायचे, मग मूठ न्यूट्रलला ठेवून, गिअरबॉक्सचा लिव्हर न्यूट्रलला ठेवून, रॉड ओढाताण न होता भोकात बसेल इतकी लांबी ठेवायची.

अवांतर: चोरांना कॉलमचा गिअर जमत नाही म्हणून पद्मिनी चोरीला जात नाही, असं हल्ली म्हणतात. खरं कारण, चोरून तिचं करायचं काय.

#११ कुर्ला_पश्चिम

पुढच्या चाकांचं किंगपिन, म्हणजे ज्या पिनेभोवती चाक वळतं ती. डीलरच्या जॉब कार्डावर ‘ऑइलिंग-ग्रीसिंग’ हे वेगळं काम असायचं ते यासाठी. दीड-दोन हजार किमीला ग्रीस मारायचं, तेही चाक जॅकवर उचलून. चाकावर वजन असताना पिनची एक बाजू बुशला दाबून बसलेली असते आणि ग्रीस नेमकं तिथेच पोचत नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवीन दिसेपर्यंत गन मारा.

खेळ आलाय का बघायचं: चाक उचलून वर आणि खाली धरून हलवा. हलतंय? आता दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग ढिलं आहे. तरी हलतंय तर किंगपिनचे बुश गेले. बुश नवे ठोकले की रीमर मारावा लागतो आणि वरचा-खालचा दोन्ही एकाच लांब रीमरने, एका रेषेत. वेगवेगळे केले तर स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपोआप सरळ होत नाही. मग लोक अलाइनमेंटवाल्याला शिव्या देतात.

तसंच मागे जाणारा शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग. क्लच सोडताना गाडीच्या पोटात ‘धुडूक’ होतं ते बहुतेक तिथलं रबर, नाहीतर क्रॉस (शाफ्टचा फिरता सांधा). शाफ्ट काढताना दोन्ही तुकड्यांवर खूण करा. दात चुकवून बसवला तर चाळीसच्या पुढे थरथर.

#१२ नाना_पेठ

विकत घ्यायला कुणी निघालं असेल तर इंजिनापेक्षा पत्रा बघा. इंजिन दोन आठवड्यांत उभं राहतं, पत्र्याला सहा महिने जातात. या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळं वजन पेलते. (धागाकर्त्याच्या नावाचं रहस्य हेच असावं.) त्यामुळे दाराखालची पट्टी सडली म्हणजे नुसतं दिसायला वाईट नाही, गाडी मधून लवते. चाचणी सोपी: चारही दारं उघडून बंद करा. नंतर एका बाजूला जॅक लावून त्या बाजूची दारं पुन्हा लावून बघा. आता अडकत असतील तर पट्टी आतून संपलीय, वरून पुट्टी आहे. चुंबक सोबत ठेवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही.

बाकी जागा: हेडलाइटच्या मागची वाटी, रबर मॅटखालची पुढची जमीन, जॅकच्या जागा, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, मागचे पाटे जिथे बॉडीला लागतात तो भाग. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा.

मूळची मुंबईची टॅक्सी आहे का तेही कळतं. डाव्या मडगार्डवर मीटरच्या बोल्टची बुजवलेली भोकं, आणि डिकीच्या तळाला सीएनजी टाकीच्या पट्ट्यांची चार भोकं. टॅक्सी वाईटच असते असं नाही, पण मग किलोमीटरच्या आकड्याकडे बघूच नका.

#१३ डिकीतला_जॅक

टॅक्सीवरून: ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी काळी-पिवळी म्हणून नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ला. वयाची मर्यादा २० वर्षं, म्हणून ऑक्टोबर २०२३च्या शेवटी मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी संपली. याचा पार्ट्सवर परिणाम झाला. जोवर टॅक्सी होत्या तोवर बुश, पॉइंट, हेड पॅकिंग, पंप किट यांना रोजचं गिऱ्हाईक होतं आणि ते बनवणारे छोटे कारखाने चालू होते. आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, पुण्यात नाना पेठेत, दिल्लीला काश्मिरी गेटला जुना साठा शोधावा लागतो. झिजणारे भाग मिळतात. काचेभोवतीचं क्रोम, दिव्याच्या काचा, हँडल, डॅशबोर्डचे मीटर मिळत नाहीत. म्हणून गाडी घेताना इंजिन नसलेली चालेल, पण काच-क्रोम पूर्ण असलेली घ्या.

#१४ तळेगाव_टोल

प्रीमियरची ११८ एनई कुणालाच आठवत नाही वाटतं.

#१५ कुर्ला_पश्चिम

१९८५ची. बॉडी फियाट १२४च्या स्पॅनिश भावंडाची, सियाटची. इंजिन निसानचं ए१२, ११७१ सीसी. म्हणजे इटालियन फक्त कपड्यांपुरती. इंजिन उत्तम, साखळीवालं, तेल बदललं की तक्रार नाही. नंतर डिझेलही आलं, इटालियन एफएनएमचं. धाग्याच्या विषयात अर्धीच बसते, पुढे चला.

#१६ हेडपॅकिंग

पुढे म्हणजे फियाटची उनो, १९९६. २१ हजारांच्या आसपास अनामत आणि दोन लाखांहून जास्त नोंदण्या. कुर्ल्यातला कामगार-संघर्ष, गाड्या वेळेवर न मिळणं, लोकांनी अनामत परत मागणं, हे सगळं तेव्हा पेपरात आलंय. डीलरचं जाळं तिथे तुटलं. पद्मिनीचा डीलर वाटणारा होता. उनोपर्यंत बाजारात मारुतीचा डीलर विकणारा आणि सांभाळणारा झाला होता. जुन्या शेडमधल्या मिस्त्रीला पॉइंट-कार्ब्युरेटर येत होतं, टायमिंग बेल्टचं लॉकिंग टूल नव्हतं.

गाडी मात्र चांगली होती. पेट्रोल ९९९ सीसीचं फायर इंजिन, हलकं, बेल्टवालं. डिझेल १६९७ सीसी, आणि त्या काळी डिझेल हॅचबॅक म्हणजे दुर्मिळच. डिझेलमध्ये बेल्टकडे दुर्लक्ष करू नका. तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला भेटतो.

#१७ पाली_ओ

पालिओ (२००१) आणि सिएना (१९९९) यांनाही तोच न्याय. पालिओच्या जाहिरातीत सचिन होता, त्यामुळे शोरूममध्ये गर्दी झाली, पण गर्दी टेस्ट ड्राइव्हची. दारं मिटतानाचा ‘ठप्प’ आवाज आणि १.६ जीटीएक्सचा पिकअप बघून लोक खूश व्हायचे आणि अ‍ॅव्हरेज ऐकून परत जायचे.

१.६ला १६ व्हॉल्व्ह, १५९६ सीसी. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदम बदलायचे, ६० हजार किमी किंवा चार-पाच वर्षं, जे आधी येईल ते. कमी चालणाऱ्या गाड्यांत वर्षांचा नियम लोक विसरतात. रबर उभ्यानेही म्हातारं होतं. कॅम लॉक करायचं टूल नसलेल्या गॅरेजला हे काम देऊ नका. पांढऱ्या पेनच्या खुणांवर बेल्ट बसवणाऱ्यांनी एका दाताने चुकवलेली गाडी चालते, पण खाली दम नाही आणि चेक लाइट लागत-जात राहतो.

१.२ (१२४२ सीसी) मध्ये एक फसवा दोष: थर्मोस्टॅट उघडाच अडकणं. गाडी तापत नाही म्हणून मालक खूश! हायवेला सुई अर्ध्याच्या बरीच खाली उतरते आणि गावात परत चढते, ही खूण. कॉम्प्युटरला इंजिन थंड वाटतं, तो जास्त पेट्रोल देत राहतो. निम्म्या ‘पालिओ पेट्रोल पिते’ तक्रारींच्या मुळाशी हाच भाग निघतो असं माझं मत.

#१८ रांजणगाव_शिफ्ट

टाटा-फियाट काळ कोणी लिहीत नाही तर लिहितो. २००६पासून टाटाच्या डीलरकडे फियाट मिळायला लागली. रांजणगावचा कारखाना दोघांचा निम्मा-निम्मा. लिनिया जानेवारी २००९, पुंटो जून २००९. २०१३मध्ये फियाटने विक्री वेगळी काढली, स्वतःचे डीलर नेमले. म्हणजे एकाच पुंटोच्या मालकाला काही वर्षांत दोन डीलर बदलावे लागले, आणि शेवटी जीपच्या वर्कशॉपात जावं लागलं. एका शेडमध्ये इंडिका आणि लिनिया शेजारी उभ्या असल्या की मिस्त्रीचा हात इंडिकाच्या सवयीने चालतो, त्रास तिथे होतो. गाडीत खोट नव्हती.

१.३ मल्टिजेट (१२४८ सीसी) हेच इंजिन स्विफ्ट, व्हिस्टा, मंझा यांतही होतं, त्यामुळे इंजिनाचे बरेच भाग मिळतात. लिनियाचं १.४ पेट्रोल (१३६८ सीसी) मंझात होतं. होज पाइप, माउंटिंग, वायरिंग मात्र गाडीगणिक वेगळं, ते गृहीत धरून ऑर्डर देऊ नका.

मल्टिजेटला बेल्ट नाही, साखळी आहे. म्हणून ‘आयुष्यभर बघायला नको’ असं विकताना सांगितलं जायचं. साखळीचा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो आणि ऑइल जेमतेम ३ लिटर. ते काळं, चिकट झालं किंवा पातळी खाली गेली की टेन्शनर ढिला आणि साखळी लांब होते. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली तर ती सूचना समजा. कंपनीचं वेळापत्रक १५ हजार किमीचं. शहरात चालणाऱ्या गाडीला १० हजाराला ५डब्ल्यू-३० बदला आणि मध्ये दर दोन हजाराला डिपस्टिक बघा.

#१९ पाली_ओ

ओडोमीटर लुकलुकतो त्याबद्दलही लिहा, फार लोक घाबरतात.

#२० रांजणगाव_शिफ्ट

हो. पुंटो-लिनियात बॅटरी बदलली, मीटर काढलं, एखादा मॉड्यूल बदलला की किलोमीटरचा आकडा सतत लुकलुकायला लागतो. बिघाड नाही. गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या आपापसातल्या याद्या जुळत नाहीत एवढंच. ‘प्रॉक्सी अलाइनमेंट’ करायचं. लॅपटॉपवर मल्टिईसीयूस्कॅन हे सॉफ्टवेअर आणि गाडीला जोडायला ईएलएम३२७ची चांगली केबल लागते. बॉडी कॉम्प्युटरपर्यंत पोचायला वेगळा अडॅप्टरही लागतो. इग्निशन ऑन, इंजिन बंद, बॅटरी पूर्ण चार्ज. मधेच व्होल्टेज पडलं तर अर्धवट राहतं. दोन मिनिटांचं काम आहे. यासाठी नवीन मीटर गळ्यात बांधणारे भेटतात, सावध.

आणि जुनी पालिओ, सिएना, पुंटो काहीही घेताना कोड कार्ड मागा. प्लास्टिकचं छोटं कार्ड, त्यावर पाच आकडी इलेक्ट्रॉनिक कोड आणि चावीचा यांत्रिक नंबर. दुसरी चावी बनवायला तोच लागतो. ‘कुठेतरी आहे, देतो नंतर’ म्हणाले तर किंमत कमी करून घ्या, कारण ते कार्ड कधीच सापडत नाही.

#२१ तळेगाव_टोल

दोन प्रश्न. पद्मिनीला ५.२०-१४चे टायर हल्ली मिळत नाहीत, काय घालावं? आणि डुक्करचं रजिस्ट्रेशन संपलेलं असेल तर?

#२२ नाना_पेठ

टायर: बाहेरच्या व्यासाने १५५/८० आर१४ जवळ बसतो, साधारण ६०४ मिमी. पण आधी रिमची आतली रुंदी मोजा. ४ इंचांपेक्षा कमी असेल तर हा टायर बसवू नका, तिथे १४५ आर१४ शोधावा. रिम रिव्हेटवाली असेल तर ट्यूब घालाच. स्टिअरिंग शेवटपर्यंत दोन्ही बाजूंना फिरवून आणि मागे चार माणसं बसवून घासतंय का बघा. पाचही टायर एकाच मापाचे. रेडियल आणि जुना क्रॉसप्लाय एका अ‍ॅक्सलवर मिसळू नका.

#२३ डिकीतला_जॅक

रजिस्ट्रेशन: २०२१च्या नियमाने पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नंबरात राज्यानंतर व्हीए येतं. शुल्क २० हजार, १० वर्षांसाठी. पण मग रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर. रोज चालवायची असेल तर नेहमीचं पाच वर्षांचं नूतनीकरण, फिटनेस तपासणी आणि हरित कर. नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ला ६०० वरून ५,००० झालं होतं, आरटीओत जाण्याआधी ताजा आकडा बघून घ्या.

तपासणीला जाण्याआधी बोनेटखालच्या पाटीवरचा आणि बॉडीवर कोरलेला चेसिस नंबर पातळ रॉकेलने पुसून, खडूने घासून वाचता येतील असे करा. रंगाच्या चार थरांखाली दडलेला नंबर न दिसल्यामुळे परत पाठवलेल्या गाड्या पुष्कळ. सँडपेपर मात्र मारू नका; घासलेला नंबर दिसला की खाडाखोडीचा संशय येतो आणि मग प्रकरण वेगळ्याच टेबलावर जातं.